जगाला थेरपी शिकवणाऱ्या कार्ल रॉजर्सना स्वतःलाच नव्या थेरपिस्टसमोर बसावं लागलं होतं

थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात साधारण तेच ते प्रश्न फिरत असतात. समोरचा काय विचारणार? सगळं पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं का? ऐकून त्याला हसू आलं तर? घरी कळलं तर? आणि जुन्या थेरपिस्टला सोडून नव्याकडे निघालेल्या माणसाला वरून आणखी एक टेन्शन असतं, ते म्हणजे सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

यातली निम्मी धास्ती एका गैरसमजातून येते. आपण जायचं, प्रॉब्लेम सांगायचा, मग समोरचा तज्ज्ञ निदान करणार आणि काय करायचं ते सांगणार, अशी आपली कल्पना असते. म्हणजे थोडा डॉक्टर, थोडा वकील आणि थोडे घरातले मोठे काका. प्रत्यक्षात आत गेल्यावर वेगळंच घडतं. थेरपिस्ट कमी बोलतो. सल्ला मागितला तर उलट तुम्हाला काय वाटतं ते विचारतो. मध्येच शांतता पसरते आणि ती मोडायची घाई त्याला नसते. फी भरून आलो आणि हा माणूस नुसता ऐकतोय, असं वाटून काही जण दुसऱ्या सेशनला फिरकतच नाहीत.

हे असं ऐकणं आलं कुठून, हे शोधायला गेलं की एका अमेरिकन माणसाचं नाव समोर येतंच. कार्ल रॉजर्स. पेशंट हा शब्द सोडून क्लायंट हा शब्द थेरपीत रुळवला तो प्रामुख्याने त्यांनी. बंद खोलीतलं बोलणं रेकॉर्ड करून ते जसंच्या तसं छापलं त्यांनी. पण ते काही जन्मजात चांगले ऐकणारे नव्हते. उलट सुरुवातीची काही वर्षं ते अगदी तेच करत होते, ज्याची नव्या क्लायंटला भीती वाटते.

८ जानेवारी १९०२ ला शिकागोजवळच्या ओक पार्क इथे रॉजर्स यांचा जन्म झाला. सहा भावंडांत चौथा नंबर. वडील सिव्हिल इंजिनिअर, घरची परिस्थिती उत्तम, पण वातावरण कमालीचं कर्मठ. दारूचा तर प्रश्नच नव्हता, पत्ते नाहीत, नाटक नाही, नाच नाही. साधी सोड्याची बाटली पितानासुद्धा आपण काहीतरी पाप करतोय असं त्या पोराला वाटलं होतं, अशी आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. आईवडिलांचं प्रेम होतं, पण मनातलं बोलायची सोय नव्हती. आपल्याकडच्या बऱ्याच घरांना हे वर्णन ओळखीचं वाटेल.

कार्ल बारा वर्षांचा असताना घरच्यांनी शहराबाहेर शेत घेतलं आणि सगळं बिऱ्हाड तिकडे हलवलं. शहराच्या मोहांपासून मुलं लांब राहावीत, हा त्यातला एक हेतू होता. मित्र नसलेला हा मुलगा तिथे पतंगांच्या नादाला लागला. रात्री उडणारे मोठाले पतंग पकडायचे, त्यांच्या अळ्या वाढवायच्या, कोष जपायचे आणि निरीक्षण करत बसायचं. शेतीशास्त्राची जाडजूड पुस्तकंही त्याने त्या वयात वाचून काढली. प्रयोग कसा करायचा, एका गोष्टीचा परिणाम दुसरीपासून वेगळा कसा काढायचा, हे तो मानसशास्त्राच्या वर्गात शिकला नाही. गुराढोरांच्या खाद्यावरच्या पुस्तकात शिकला.

विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी शेतीसाठीच नाव घातलं, पण मग धर्मोपदेशक व्हायचं ठरलं आणि विषय बदलून इतिहास घेतला. १९२२ साली चीनमध्ये पेकिंगला ख्रिस्ती विद्यार्थ्यांची जागतिक परिषद होती. अमेरिकेतून जे थोडे विद्यार्थी निवडले गेले, त्यात रॉजर्स होते. सहा महिन्यांचा प्रवास. बोटीवर वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या मतांची शिकलेली माणसं. रोज रात्री गप्पा आणि वाद. घरच्या धर्मातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याला पटत नाहीत, हे या वीस वर्षांच्या पोराला तिथे कळलं. तो प्रामाणिकपणे सगळं टाइप करून घरी पाठवत राहिला. पण टपाल पोचायला एवढा वेळ लागायचा, की घरच्यांचं चिडलेलं उत्तर हातात पडेपर्यंत पोरगा त्या विचारांत पार मुरलेला असायचा. समोरासमोर झालं असतं तर कदाचित पहिल्याच भांडणात त्याने माघार घेतली असती.

१९२४ मध्ये त्यांनी बालपणीची मैत्रीण हेलन हिच्याशी लग्न केलं आणि दोघं न्यूयॉर्कला आली. तिथल्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत एक मजेशीर प्रकार घडला. रॉजर्स आणि त्यांच्या मित्रांनी कॉलेजकडे मागणी केली, की आम्हाला असा एक वर्ग द्या ज्यात शिक्षक शिकवणार नाही, विषय आमचे आणि प्रश्नही आमचेच. कॉलेजने अट घातली की एक शिक्षक खोलीत बसेल, पण विचारल्याशिवाय बोलणार नाही. स्वतःचे प्रश्न स्वतःच सोडवता सोडवता त्यातल्या बऱ्याच पोरांच्या लक्षात आलं, की आपल्याला पाद्री व्हायचंच नाही. रॉजर्स त्यातलेच एक. रस्ता ओलांडला की समोर कोलंबिया विद्यापीठाचं टीचर्स कॉलेज होतं. ते तिकडे मानसशास्त्र शिकायला गेले.

१९२८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात मुलांवरचे अत्याचार रोखणाऱ्या एका संस्थेत त्यांना नोकरी लागली. इथे बारा वर्षं गेली. कोर्टाने पाठवलेली, चोऱ्या करणारी, घरातून पळून गेलेली, मार खाल्लेली मुलं यायची. सोबत त्यांचे आईबाप. थिअरी बाजूला ठेवून रोज एकच प्रश्न समोर असायचा, या पोराला याने काही फरक पडतोय का?

तिथे नोकरीच्या सुरुवातीला त्यांना एक छापील मुलाखत सापडली. एका तज्ज्ञाने एका मुलाच्या आईला प्रश्न विचारत विचारत, एकेक पायरी चढवत, शेवटी मूळ कारण तिच्याच तोंडून कसं वदवून घेतलं, याची ती नोंद होती. रॉजर्स भारावले. सहकाऱ्यांना त्यांनी ती वाचून दाखवली. काही वर्षांनी तीच मुलाखत पुन्हा हातात आली आणि वाचताना त्यांना कसंतरीच झालं. ती त्यांना आता एखाद्या हुशार वकिलाच्या उलटतपासणीसारखी वाटली. आई आरोपीच्या पिंजऱ्यात, आणि तज्ज्ञ तिच्याकडून कबुली काढतोय. मुलाखत तीच होती, मधल्या काळात वाचणारा बदलला होता.

पण रॉजर्स यांच्या कामाला खरं वळण दिलं ते आणखी एका आईने. तिचा मुलगा घरात धुमाकूळ घालायचा. बाई शिकलेली, समजूतदार. रॉजर्स यांनी सगळी माहिती गोळा करून मनाशी निदान पक्कं केलं होतं. या आईने मुलाला अगदी लहानपणी मनातून नाकारलं आहे आणि त्याचा हा परिणाम आहे. आता तिला ते उमगलं पाहिजे, म्हणून सेशनमागून सेशन ते तिला हळूहळू त्या निष्कर्षाकडे न्यायचा प्रयत्न करत राहिले. पुरावे मांडले, दुवे जोडून दाखवले. बाई काही तिथे पोचेना. शेवटी त्यांनीच सांगून टाकलं, की आपण दोघांनी प्रयत्न केला, पण जमलेलं नाही, आता थांबूया. तिने मान्य केलं, हात मिळवला आणि ती दाराकडे निघाली.

दारात ती वळली आणि इथे मोठ्या माणसांचंही समुपदेशन होतं का, असं तिने विचारलं. होतं म्हटल्यावर परत येऊन खुर्चीत बसली आणि बोलायला लागली. नवऱ्याबरोबरचं बिघडलेलं नातं, आपण हरलोय ही भावना, आतला सगळा गोंधळ. याआधी तिने दिलेल्या व्यवस्थित माहितीत यातलं काही नव्हतं. तेव्हाच खरी थेरपी सुरू झाली आणि शेवटी तिचंही बरं झालं, मुलाचंही. दुखतंय कुठे हे क्लायंटलाच माहीत असतं, थेरपिस्टने स्वतःची हुशारी दाखवायचा मोह आवरला तर तो आपणहून तिथे घेऊन जातो, हे रॉजर्स त्या दिवशी शिकले.

नव्या थेरपिस्टकडे गेल्यावर तो लगेच निदान का सांगत नाही, याचं उत्तर या प्रसंगात आहे. पहिल्या सेशनला तो साधारण ठरावीक गोष्टी विचारतो. आत्ता यावंसं का वाटलं, झोप आणि भूक कशी आहे, घरी कोण असतं, आधी कुठे उपचार घेतलेत का, औषधं चालू आहेत का, जीव द्यावासा वाटतो का. शेवटचा प्रश्न ऐकून दचकायला होतं, पण तो जवळपास सगळ्यांना विचारला जातो. तुमच्या चेहऱ्यावर काही दिसलं म्हणून तो विचारला असं नसतं. एखादा फॉर्म किंवा प्रश्नावली भरून घेतली जाते. फी, वेळ, अपॉइंटमेंट रद्द करायची असेल तर काय, हे बोललं जातं. सेशन साधारण पाऊण तास ते एक तासाचं असतं. आणि त्या आईसारखंच, खरी गोष्ट पुष्कळदा सेशन संपता संपता दारात सुचते. तसं झालं तर संकोच करायचं कारण नाही. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायचं.

रॉचेस्टरमध्ये आणि पुढे शिकागोतही रॉजर्स यांना एक वेगळी लढाई लढावी लागली. थेरपी करणं हा डॉक्टरचा अधिकार आहे, मानसशास्त्र शिकलेल्याने ती करू नये, असं त्या वेळच्या अनेक मानसोपचार डॉक्टरांचं म्हणणं होतं. शिकागोत तर त्यांचं केंद्र म्हणजे विनापरवाना डॉक्टरकी आहे, ते बंद करा, अशी मागणी झाली. रॉजर्स यांनी पलटवार केला आणि केंद्र टिकलं. आजही हा गोंधळ अनेकांचा होतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर, तो औषधं लिहून देतो. सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतो. काहींना एकाची गरज असते, काहींना दोघांची. नव्या थेरपिस्टला त्याचं शिक्षण आणि नोंदणी याबद्दल सरळ विचारलेलं चालतं, त्यात अपमान काही नाही.

१९४० मध्ये रॉजर्स ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी एक भाषण दिलं. त्यात सल्ला देणं आणि पटवून देणं या जुन्या पद्धती कालबाह्य झाल्यात, असं त्यांनी मांडलं, आणि बसलेल्यांत नेमके त्या पद्धती वापरणारे लोक होते. कुणी वाहवा केली, कुणी खवळलं. आपली पद्धत जन्मली कधी असं विचारलं, तर रॉजर्स याच भाषणाची तारीख सांगत.

१९४२ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात एका तरुणाच्या आठही सेशनचं संभाषण शब्दन् शब्द छापलेलं होतं. नाव अर्थातच बदललेलं. एखाद्या संपूर्ण उपचाराचं असं रेकॉर्डिंग याआधी कुणी छापलं नव्हतं. त्या वेळी टेपरेकॉर्डर नव्हते. तबकड्यांवर रेकॉर्ड करायचं आणि दर काही मिनिटांनी तबकडी बदलायची, अशी कसरत होती. रेकॉर्डिंग ऐकल्यावर रॉजर्स आणि त्यांचे विद्यार्थी चपापले. आपण ऐकतोय असं थेरपिस्टला वाटत होतं, तबकडी मात्र सांगत होती की तो मध्ये मध्ये बोलतोय, वळवतोय, घाई करतोय.

रेकॉर्डिंग म्हटलं की गुप्ततेचा प्रश्न येतो. रेकॉर्ड करायचं असेल तर थेरपिस्टने आधी तुमची परवानगी घ्यायची असते आणि तुम्ही नाही म्हणू शकता. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. अपवाद आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल, अशा वेळी थेरपिस्टला ते बाहेर सांगावं लागू शकतं. चांगला थेरपिस्ट हे पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगतो. नाही सांगितलं तर आपण विचारायचं.

१९४५ मध्ये रॉजर्स शिकागो विद्यापीठात आले आणि तिथे त्यांनी समुपदेशन केंद्र उभं केलं. पुढच्याच वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे ते अध्यक्ष झाले. नाव, पद, पुस्तकं, शिकायला येणारी पोरं, सगळं होतं. आणि नेमकं याच काळात हा माणूस आतून कोसळला.

झालं असं, की ओहायोत असताना त्यांच्याकडे येणारी एक क्लायंट पुढे शिकागोच्या भागात राहायला आली आणि तिने पुन्हा त्यांच्याकडे उपचार सुरू केले. तिचा आजार गंभीर होता. रॉजर्स कधी तिच्याशी मनापासून, आपुलकीने वागायचे. मग तिच्या आजाराची खोली बघून घाबरायचे आणि एकदम कोरडे, प्रोफेशनल व्हायचे. हे वर-खाली तिला कळत होतं. तिचा राग वाढत गेला, सोबत त्यांच्यावरचं अवलंबून राहणंही. आपल्याला हिला बरं करता आलंच पाहिजे, या हट्टापायी रॉजर्स यांनी ते चालू ठेवलं. त्यातून तिला काही मिळत नव्हतं आणि त्यांना फक्त त्रास होत होता, तरीही. एका टप्प्यावर तर माझ्यापेक्षा हिलाच जास्त कळतंय असं त्यांना वाटायला लागलं आणि स्वतःवरचा विश्वासच उडाला.

१९४९ च्या सुमारास एक दिवस त्यांना जाणवलं, की आपण स्वतःच वेडाच्या काठावर उभे आहोत. केंद्रातल्या एका तरुण मानसोपचार डॉक्टरने तासाभराच्या आत त्या क्लायंटची जबाबदारी घेतली. तिचा आजार तिथे उफाळून आला. रॉजर्स घरी गेले आणि हेलनला म्हणाले की मला इथून आत्ताच्या आत्ता निघायचं आहे. तासाभरात दोघं गाडीत होती. दोन-तीन महिने ती घरी परतली नाहीत. हेलनने त्यांना काही शिकवलं नाही. यातून बाहेर पडशील एवढा धीर दिला, आणि ते बोलायला लागले की ऐकून घेतलं.

परत आल्यावरही परिस्थिती वाईटच होती. आपण थेरपिस्ट म्हणून नालायक आहोत, माणूस म्हणून टाकाऊ आहोत आणि मानसशास्त्रात आपलं काही उरलेलं नाही, अशी त्यांची खात्री पटली होती. आणि मदत मागायची तर कुणाकडे? आजूबाजूचे सगळे त्यांचेच विद्यार्थी आणि सहकारी. ज्यांना आपण शिकवलं, त्यांच्यासमोर बसून रडायचं? आपले प्रॉब्लेम एवढे मोठे आहेत की ते ऐकून समोरचाच घाबरेल, असंही त्यांना वाटायचं. नव्या थेरपिस्टकडे जाताना हेच वाटतं ना? आपली केस जगावेगळी आहे, याला झेपणार नाही.

शेवटी त्यांच्या गटातला एक सहकारी आपणहून पुढे आला. तुम्ही खूप त्रासात आहात हे मला दिसतंय, मला तुमची किंवा तुमच्या प्रॉब्लेमची भीती वाटत नाही आणि मी तुमचा थेरपिस्ट व्हायला तयार आहे, एवढंच त्याने सांगितलं. रॉजर्स यांनी नाइलाजाने होकार दिला.

पुस्तकं लिहिलेला माणूस आता समोरच्या खुर्चीत होता. सगळं तंत्र त्याला पाठ होतं, पण तंत्र माहीत असल्याने त्रास कमी होत नाही. मदतीला आली ती समोरच्याची न डगमगता ऐकून घ्यायची तयारी. हळूहळू, बराच काळ गेल्यावर, रॉजर्स यांना स्वतःबद्दल आपुलकी वाटायला लागली. कुणाचं प्रेम घ्यायला आणि द्यायला पूर्वी भीती वाटायची, ती कमी झाली. हे सगळं त्यांनी पुढे आत्मचरित्रपर लेखात उघडपणे लिहिलं. त्या काळातल्या एका नामवंत प्राध्यापकाने हे छापून टाकणं साधी गोष्ट नव्हती. या दिवसांनंतर त्यांची थेरपी बदलली, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं. थेरपिस्टने मनातून एक आणि चेहऱ्यावर दुसरं असं असू नये, हा मुद्दा त्यांच्या लिखाणात या काळानंतर ठळक झाला.

१९५७ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध निबंध लिहिला, ज्यावर आजही वाद होतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. थेरपिस्ट खरा असला पाहिजे, त्याने क्लायंटला कसलीही अट न घालता स्वीकारलं पाहिजे, आणि क्लायंटचं जग त्याच्या नजरेने समजून घेतलं पाहिजे. आणि हे क्लायंटपर्यंत थोडंफार तरी पोचलं पाहिजे. एवढं असलं की बदल होतोच. बदलासाठी हे सगळं उपयोगी आहे, इथपर्यंत बहुतेकांचं एकमत झालं. एवढंच पुरेसं आहे, यावर मात्र झालं नाही. सीबीटीसारख्या पद्धतीत थेरपिस्ट अजेंडा ठरवतो, वहीत नोंदी करायला लावतो, घरी अभ्यास देतो, आणि त्याचाही उपयोग होतो. पण थेरपिस्ट आणि क्लायंट यांचं नातं कसं जुळतं यावर निकाल बराच अवलंबून असतो, हे पुढच्या कितीतरी संशोधनांत वेगवेगळ्या पद्धतींसाठी दिसत आलंय.

हा दावा तपासायला रॉजर्स स्वतः विस्कॉन्सिनला गेले. तिथल्या मेंडोटा इथल्या सरकारी मनोरुग्णालयात स्किझोफ्रेनिया असलेल्या पेशंटवर त्यांच्या टीमने मोठा प्रयोग केला. प्रयोग फारसा यशस्वी झाला नाही, टीममध्ये भांडणं झाली ती वेगळीच. पण त्यातलं एक प्रकरण पुढे गाजलं. एक तरुण पेशंट बोलायचाच नाही. रॉजर्स त्याच्यासमोर बसून राहायचे. मिनिटांमागून मिनिटं शांततेत जायची. मध्येच एखादं वाक्य, मग पुन्हा शांतता. एके दिवशी तो ढसाढसा रडला. पुढे तो रुग्णालयातून बाहेर पडला, आणि बऱ्याच वर्षांनी आपलं ठीक चाललंय हे सांगायला त्याने रॉजर्स यांना फोन केला.

सेशनमधल्या शांततेला घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. अर्थात शांतता फारच अंगावर येत असेल तर तसं सांगून टाकायचं. तो क्लायंटचा हक्क आहे आणि थेरपिस्टसाठी उपयोगी माहितीसुद्धा.

१९६४ मध्ये एक असा प्रयोग झाला, जो आजही मानसशास्त्राच्या वर्गांत दाखवतात. ग्लोरिया नावाची एक घटस्फोटित तरुणी एकाच दिवशी, कॅमेऱ्यासमोर, तीन नव्या थेरपिस्टना भेटली. पहिले रॉजर्स, दुसरे फ्रिट्झ पर्ल्स, तिसरे अल्बर्ट एलिस. प्रत्येकासोबत एक छोटं सेशन.

रॉजर्स यांच्यासमोर ती तिच्या मुलीबद्दल बोलली. घटस्फोटानंतर आपले पुरुषांशी संबंध आहेत का, असं मुलीने विचारलं आणि आपण खोटं बोललो, हे तिला खात होतं. खरं सांगू की नको, एवढं तुम्ही मला सांगा, असा तिचा आग्रह होता. तिने पुन्हा पुन्हा विचारलं. रॉजर्स यांनी उत्तर दिलं नाही, आणि ते टाळतायत असंही तिला वाटू दिलं नाही. तिला उत्तर हवंय हे त्यांनी मान्य केलं आणि तिच्यासोबत त्या अडचणीत बसले. अर्ध्या तासात बाई मुलीवरून स्वतःच्या अपराधीपणावर आणि तिथून स्वतःच्या वडिलांवर आली. पर्ल्स यांनी तिचं घाबरलेलं हसू पकडलं, ती ढोंग करतेय असं तोंडावर सांगितलं आणि तिला चांगलाच राग आणला. एलिस भरभर बोलले, तिच्या विचारांतल्या चुका दाखवल्या आणि काय करून बघायचं ते सुचवलं.

बाई एकच आणि दिवसही एकच, पण तीन खोल्यांत ती जणू तीन वेगळी माणसं होती. आता गंमत बघा. शेवटी तिला विचारलं, की आत्ता तुला सगळ्यात जास्त उपयोग कुणाचा होईल, तर तिने नाव घेतलं पर्ल्स यांचं, ज्यांनी तिला चिडवलं होतं. पण पुढे वर्षानुवर्षं तिचा पत्रव्यवहार राहिला तो रॉजर्स आणि हेलन यांच्याशी. त्यामुळे पहिल्या भेटीत जमलं नाही म्हणजे थेरपी आपल्यासाठी नाही, असा निष्कर्ष काढायची घाई नको. आणि पहिल्या भेटीत भारावून गेलो म्हणजे हाच आपला माणूस, अशीही घाई नको. तीन-चार भेटी द्याव्यात. तरीही आपलं ऐकलं जात नाही असं वाटलं, तर ते त्याच थेरपिस्टला सांगावं. यावर तो कसा वागतो, यातून बरंच कळतं. काही थेरपिस्ट स्वतःच दुसरं नाव सुचवतात. मग नव्याकडे जाताना आधी काय उपयोगाचं ठरलं आणि काय खटकलं, एवढं सांगितलं तरी पुष्कळ होतं. सगळी कहाणी एका बैठकीत पुन्हा म्हणायची गरज पडत नाही. ती तशीही हळूहळूच बाहेर येते. आणि पहिल्या काही सेशननंतर हलकं वाटण्याऐवजी थकल्यासारखं, कधी आधीपेक्षा वाईट वाटलं, तरी त्यात नवल नाही. इतके दिवस दाबलेलं वर आलेलं असतं. हे थेरपिस्टला सांगावं. स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. भारतात टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

रॉजर्स १९६४ पासून कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे राहायला गेले. एकेका माणसाची थेरपी मागे पडली आणि ते गटांकडे वळले. अनोळखी माणसांना गोल बसवायचं आणि एकमेकांशी खरं बोलू द्यायचं. अशाच एका गटावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. उत्तर आयर्लंडमधले कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दक्षिण आफ्रिकेतले काळे आणि गोरे यांनाही त्यांनी एका खोलीत आणलं. सगळीकडे जादू झाली असं नाही.

घरात ते काही संत नव्हते. हेलन आजारी पडली, तेव्हा तिची काळजी आणि स्वतःचं फिरणं, काम यांत त्यांची ओढाताण झाली. त्या काळात त्यांचं पिणंही वाढलं आणि जवळच्यांना त्याची काळजी वाटायची. १९७९ मध्ये हेलन गेली. त्यानंतरही त्यांनी काम थांबवलं नाही. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी सोव्हिएत रशियात जाऊन त्यांनी मानसशास्त्रज्ञांचे गट घेतले.

जानेवारी १९८७ मध्ये त्यांनी वयाची ८५ वर्षं पूर्ण केली. त्यानंतर काही दिवसांतच ते घरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर हृदय बंद पडलं आणि ते कोमात गेले. मशीनवर जगवत ठेवू नका, असं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. ४ फेब्रुवारी १९८७ ला त्यांचं निधन झालं. तबकड्यांपासून सुरू झालेली त्यांची सेशन्स पुढे टेपवर, फिल्मवर आणि व्हिडिओवर जमा होत गेली. आज नव्याने थेरपी शिकणारी पोरं वर्गात बसून ती बघतात, आणि अधेमधे थांबवून विचारतात, की इथे हे काहीच का बोलले नाहीत?